धाकट्या कणगीतलं भात

त्या दिवसाची आठवण आली की मला आधी वाफ दिसते. माणसं मागून येतात. मधल्या घरात दोन चटया अंथरलेल्या, त्यांवर धुतलेलं जुनं लुगडं, आणि लुगड्यावर शिजलेल्या भाताची रास. मी शेजारी बसले तर माझ्या कमरेच्या वर येईल एवढी. कौलांत एके ठिकाणी फट होती. तिथून उन्हाची तिरीप बरोबर राशीच्या माथ्यावर पडली होती, आणि वाफ त्या उन्हातून हळूहळू वर चढत आढ्यापाशी जाऊन दिसेनाशी होत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मांजर येऊ नये म्हणून मला दाराशी बसवलं होतं. लांब ओढ्याकडे हलगी वाजत होती, आणि त्याहून लांब घाट चढणारी आगगाडी धापा टाकत होती. तेव्हा गाडीला कोळशाचंच इंजीन होतं. त्या आवाजाकडे कान लावला की मला माहेर जवळ वाटे, कारण माझं माहेर त्याच घाटाखाली, खोपोलीच्या अंगाला. सासर कुसगावच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं.

मी चौथी इयत्ता झाले होते, पण बोलायला मला कधीच जमलं नाही. सासरी तर पहिलं वर्ष मान हलवण्यावरच गेलं. मामंजी म्हणजे माझे सासरे माझ्याशी सरळ बोलत नसत, तशी रीतच होती. पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून म्हणत, "म्हणावं, तांब्या भरून ठेवा." मी तांब्या ठेवी आणि मागे सरे. एका घरात राहून आमची ओळख तेवढीच.

आदल्या श्रावणात ओढ्याला लोंढा आला आणि आमच्या खालच्या खाचराची दगडी ताल, म्हणजे बांध, फुटली. उभं भात चार दिवस पाण्यात लोळलं. कापून आणलं तेव्हा कितीक दाण्यांना लोंबीतच मोड आले होते. तेच वाळवून मोठ्या कणगीत भरलं आणि वर्षभर खाल्लं. शिजलं की तांबूस दिसे आणि ओल्या गोणपाटासारखा वास येई. घरच्या माणसांना त्याची सवय झाली होती.

ताल पुन्हा रचायची तर एका घराचं काम नव्हे. म्हणून वैशाखात मामंजींनी इर्जिक घातली. आमच्याकडे असं मोठं काम निघालं की आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं आपापलं फावडं, पहार घेऊन येतात आणि एका दिवसात काम उरकून देतात. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. पण ते जेवण लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. अमक्याच्या इर्जिकीला आमटी पातळ होती, हे त्याच्या नातवाच्या लग्नातही निघतं.

आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, त्याचाच घोर होता. आठ दिवस आधीपासून घर नुसतं तयारीत होतं. लोणावळ्याच्या बाजारातून गुळाची ढेप आणि मिरच्या आल्या. पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचून दगडाखाली दाबून ठेवल्या. काळा मसाला कुटला तेव्हा अख्खी वाडी शिंकली. आणि भात कांडायचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला शेजारची मुलाणीमावशी. ती चुलीपाशी येत नसे, पण उखळाला तिच्याशिवाय आमच्या घरचं पान हलत नसे. पडवीत उखळाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. दुपारच्या झळा अंगणात थरथरत, उखळातून कोंड्याची धूळ उठे, आणि मावशीच्या बांगड्यांचा आवाज ऐकता ऐकता मी जागी आहे की झोपेत तेही कळेनासं होई.

"पोरी, डोळं उघड," मावशी म्हणे. "न्हाईतर माजी बोटं इर्जिकीच्या आमटीत जात्याल."

पहिले चार दिवस मी मोठ्या कणगीतलं भात काढलं. कांडलं की निम्मे दाणे मोडून कण्या होत. उरलेले तांदूळ सुपात घेतले की मला वाईट वाटे. माणसं उन्हात दगड वाहणार आणि त्यांच्या पुढ्यात हा तांबडा, वासाचा भात वाढायचा?

मोठ्या कणगीच्या शेजारी, आतल्या अंधाऱ्या खोलीत, एक धाकटी कणगी होती. तोंड शेणामातीनं लिंपलेलं. माझ्या माहेरी अशाच लहान कणगीत चांगलं भात वेगळं ठेवत, पाव्हण्यारावळ्यांसाठी. आणि पेरायचं बी? ते आमच्याकडे कधी कणगीत नसेच. ते पेंढ्याच्या मुडीत बांधत. पेंढा पसरून त्यात बी ओतायचं आणि पेंढ्याच्याच दोरानं गच्च आवळून भोपळ्याएवढा गोळा करायचा. तो आढ्याला टांगायचा. लहानपणापासून मी वर बघितलं की बी दिसे. खाली बी असतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इथे आढ्याला मुड्या नाहीत हे मला इतक्या दिवसांत कधी जाणवलंच नाही. मान वर करून बघायची सवय नव्हती.

पाचव्या दिवशी मी धाकट्या कणगीचं लिंपण फोडलं. वर निरगुडीचा पाला होता. पाल्याखाली हात घातला आणि दाणे बोटांतून ओघळले. जड, कोरडे, सारखे. मला वाटलं, आत्याबाईंनी हे इर्जिकीसाठीच राखलं असणार. विचारायला हवं होतं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी चारचौघींत उठून विचारायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येई. मी टोपलं भरलं आणि पडवीत आले.

मावशीनं मूठभर दाणे तळहातावर घेतले. "हे कवाच्या काळातलं? सोन्याचं दिसतंय."

मी हसले.

ते भात कांडायला फार सुख वाटलं. दाणा मोडतच नव्हता. मी ते मुसळाखाली दोनदा सडलं, तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा निघाला. तीन दिवसांत कणगी जवळजवळ रिकामी झाली, तळाला चार ओंजळी राहिल्या. त्यावर मी पाला परत नीट घातला.

शेवटच्या संध्याकाळी आत्याबाई कण्या बघायला आल्या. त्यांना कण्यांची गुळाची खीर करायची होती.

"कण्या येवढ्याच? मग खीर कशाची घालू, तुज्या डोक्याची?"

मावशी म्हणाली, "सूनबाईचा हात हलका हाय तुमच्या. मोडतच न्हाई तांदूळ तिच्या हातनं."

आत्याबाईंनी तांदूळ ओंजळीत घेतला. दिवेलागण झाली होती, नीट दिसत नव्हतं. "दोनदा सडलास व्हय गं?"

मी मान हलवली. खोटं नव्हतं.

इर्जिकीच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत चुली पेटवल्या. देवळाचे दोन हंडे मागून आणले होते. दोनच. म्हणून भात घाण्याघाण्यानं शिजवावा लागे. एक हंडा शिजला की पेज गाळून टोपलीत उपसायचा, लुगड्यावर पालथा घालायचा, वर फडकं झाकायचं, की दुसरा चढवायचा. दिवस वर येईतो मोठ्या कणगीतला तांबूस भात तळाशी गेला आणि धाकटीतला पांढरा वर चढत राहिला. धुरानं आत्याबाईंचे डोळे लाल झाले होते, त्यांचं रंगाकडे लक्ष नव्हतं. आमटी उकळली, खीर उतरली, आणि आत्याबाई पाण्याच्या घागरी घेऊन ओढ्याकडे गेल्या.

मग ती वाफ, ती तिरीप आणि मी.

मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. फडकं थोडं सरकवून मी राशीकडे बघत होते. पहाटे पायथ्याला धुकं असताना लोहगड दिसतो तशी ती दिसत होती. वाटलं, वर चढत गेलं तर माथ्यावरून माझ्या माहेरची कौलं दिसतील. आई अंगणात काहीतरी वाळत घालत असेल. कामावरच्या माणसांसाठी वाजणारी हलगी कधी जवळ येई, कधी लांब जाई. माझ्या हातची एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते. कोणी विचारलं नसतं, मीही सांगितलं नसतं, पण मनातून मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात आत्याबाई पदरानं तोंड पुसत आल्या. ताल उभी राहिली होती. नव्या तालीवर घरच्या बियाण्याची मूठ वाहायची आणि मग पंगत बसवायची, अशी त्या घरची रीत.

"बस तू, म्या घेते," म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या.

मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकला. त्या मोठ्या कणगीपाशी थांबल्या नाहीत. पुढे गेल्या. लिंपण फोडल्याचा आवाज व्हायला हवा होता, तो झाला नाही. मग पाला सळसळला. मग काहीच नाही.

तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. मी आढ्याकडे पाहिलं. तिथे कौलं होती आणि वाफ होती.

आत्याबाई बाहेर आल्या. मूठ मिटलेली होती. त्या राशीसमोर उभ्या राहिल्या, फडकं पुरतं उचललं आणि पांढऱ्या भाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझ्या झिंज्या धरतील.

"मला वाटलं," मी म्हणू लागले.

"गप." त्या हळू बोलल्या. "त्यांनी येकयेक लोंबी हातानं निवडलीती, वरच्या खाचरातनं. आता गप ऱ्हा. आधी लोकं जेवू देत."

मूठ घेऊन त्या निघून गेल्या.

आंब्याखाली अंगणात पंगत बसली. माणसं घामानं आणि मातीनं माखलेली, पाण्याच्या चुळा भरत, एकमेकांची थट्टा करत. मी आतून टोपल्या भरून देत होते आणि वाढपी त्या बाहेर नेत होते. राशीचा माथा आधी गेला. टोपलीगणिक रास खाली बसत होती. बाहेरून आवाज येत.

"आरं, भात हाय का मोगरा?"

"हितं वाढ, हितं. त्याला दोनदा वाढलास. त्यानं दगड येकच उचलला."

"व्हय, पर केवढा उचलला ते बघ की!"

सगळे हसत होते. एवढी वाहवा माझ्या रांधण्याची पुन्हा कधी झाली नाही. मी दाराआड उभी राहून प्रत्येक घास मोजल्यासारखी ऐकत होते, आणि मनात एकच होतं. पंधरा दिवसांत पेरणी. रोपांसाठी राब भाजून तयार पडलेत. आणि आमचं खाचर लोकांच्या पत्रावळीवर आहे.

पंक्तीच्या टोकाला पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. ते मामंजींना म्हणाले, "पाटीलबुवा, तुमचं तर समदं भिजलं हुतं. ह्यो भात कुटनं काढलासा?"

मामंजींनी तोवर खाली बघितलंच नव्हतं. लोकांना आग्रह करत ते उभ्यानं फिरत होते. त्यांनी वाकून टोपलीतलं एक शीत उचललं, दोन बोटांत धरलं, चुरडलं. मग वळून दाराकडे पाहिलं.

"हे भात कुणी काढलं?"

पंगतीतले हात पत्रावळीवरच थांबले. आत्याबाई आमटीची पळी घेऊन मध्येच उभ्या होत्या.

"म्या काढलं," त्या म्हणाल्या. "घाईत इसरले. कणगी चुकली."

तीस वर्षं त्या घरात राहून ज्या बाईनं ते बी दरवर्षी आपल्या हातानं लिंपलं, ती कणगी चुकली म्हणत होती. कोणाचा विश्वास बसणार होता? तरी कोणी काही म्हटलं नसतं. मामंजी त्यांच्याकडे नुसते बघत होते. त्यांच्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे दिसत होते.

मी उंबरा ओलांडला कसा, ते मला आजही सांगता यायचं नाही. पदर डोळ्यांपर्यंत होता, म्हणून मला फक्त पावलं दिसत होती. चिखल वाळलेली कितीतरी पावलं.

"त्यांनी न्हाई. म्या काढलं," मी म्हणाले. "आमच्याकडं बी मुडीत असतं. वर टांगलेलं. मला वाटलं, हे पाव्हण्यांचं." माझा आवाज मलाच परका वाटला. "समदं म्याच कांडलं."

कोणीतरी चुकचुकलं. एका बाजूनं आवाज आला, "घाटाखालची सून केली तवाच म्हणलो हुतो." मी तिथेच उभी राहिले.

मग आबा हसायला लागले. आधी हळू, मग ठसका लागेपर्यंत.

"म्हंजे आमी आज बी खाल्लं? आता आखाडात आमच्या पोटातनं रोपं वर येतील की रं! लावणीला आमालाच वाकवा म्हणावं."

त्याबरोबर पंगतभर हशा झाला. एक जण पोट चोळत म्हणाला, "तरीच मगापासनं काय तरी हलतंय." मामंजी हसले नाहीत. आबांनी तोंड पुसलं आणि साध्या आवाजात बोलले.

"खाल्लं आमी. तवा भरून बी आमीच देऊ. पोरीनं काय चोरून न्हाई नेलं, आमच्याच पानात वाढलं."

"नगं," मामंजी म्हणाले. "इर्जिकीला आलेल्या माणसांकडनं घ्यायचं नसतं."

"मग उद्या येतो. उद्या काय इर्जिक न्हाई." आणि त्यांनी पत्रावळ पुढे केली. "वाढ गं पोरी अजून. कमी खाल्लं म्हणून काय परत कणगीत जायचं न्हाई ते."

मी त्यांच्या पानात भात वाढला. एक शीतही सांडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. कोणी धोतराच्या सोग्यात बी बांधून आणलं, कोणी टोपलीत, कोणी लेकीबरोबर पाठवलं. ज्याच्या घरी जे होतं ते. आबांनी आंबेमोहोर आणला. कोणी जिरेसाळ, कोणी रायभोग, कोणी लाल सालीचं जाडं भात. मुलाणीमावशीनं पदरातून काळ्या कुसाचं भात आणलं आणि माझ्या ओंजळीत ओतून म्हणाली, "मुसळ म्या बी मारलं हुतं. निम्मं पाप माजं." मामंजी पडवीत बसून प्रत्येकाला नको नको म्हणत होते, आणि प्रत्येक जण ठेवून जात होता.

रोपं वेगवेगळ्या वाफ्यांत टाकली आणि लावणीला त्या एका खाचरात पट्टे पट्टे पडले. मामंजी कुरकुरत. "म्हणावं, ह्ये शेत न्हाई, वाकळ हाय." खरंच ठिगळांची वाकळच होती. दसऱ्याला लवकर पिकणारं हळवं भात पिवळं झालं तेव्हा शेजारचा पट्टा हिरवागार होता. त्यापुढे लाल सालीचा पट्टा, ऊन कललं की तांब्यासारखा पेटे. मध्येच मावशीचं काळं कूस वाऱ्यानं मिशा हलवल्यासारखं हले. आणि दिवाळीच्या सुमारास आबांच्या टोकाकडून असा वास सुटे की वाटेनं जाणारी माणसं नव्या तालीवर बसून घेत. मी गवत आणायला म्हणून जाई आणि तालीच्या कडेला उभी राही. वारा एका टोकाकडून निघाला की एकेक रंग ओलांडत माझ्यापर्यंत येई. त्या शेतात कोणाकोणाची घरं होती ते मला पाठ झालं होतं. ज्यांची फक्त पावलं बघितली होती, त्यांना मी पिकावरून ओळखू लागले.

कापणी झाली. ताल हलली नव्हती. खळ्याशेजारी मामंजींनी प्रत्येक पट्ट्यातल्या लोंब्या निवडून लहान लहान ढीग केले होते. ते कुठे ठेवायचे, मला माहीत होतं. आत धाकटी कणगी सारवून वाळत होती. मी शेणाचा पो उचलून चालले होते.

"पोरी," मामंजी म्हणाले.

मी मागे बघितलं, आत्याबाई आल्यात का. कोणी नव्हतं. ते भिंतीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"तुज्या माह्यारी मुडी कशी बांधत्यात? दाव बरं."

मी हात धुतले आणि खळ्यावर बसले. पेंढा ओला करून पसरला, कडा वर घेतल्या, आबांच्या आंबेमोहोराचा ढीग मधोमध ओतला. दोर वळायला लागले. मामंजी समोर उकिडवे बसले आणि पेंढ्याची एकेक काडी निवडून माझ्या हाताशी ठेवू लागले. मुडी गोल होत आली तसा पेंढा संपला. एरवी मी नुसता हात पुढे केला असता, किंवा उठून स्वतः आणला असता.

"अजून थोडा द्या," मी म्हणाले.